सर कोणाचेच नाहीत

"एक शब्द बोलू नकोस!" सर पडद्याआडून ओरडले. "गोपनीयतेचा भंग होईल."

"अहो, पण मी काय म्हणते, यातल्या दोन…"

"म्हणूच नकोस. तू टायपिस्ट, मी परीक्षक. आपला काही संबंध नाही."

अठ्ठावीस वर्षांचा संसार असलेल्या बाईला हे ऐकवून सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं. पडदा म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या मधोमध दोरीवर टाकलेली पांढरी चादर होती. तिच्या एका बाजूला काकू टाइपरायटरवर बसल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला सर तपासायला बसले होते. चादर पांढरी होती, कारण घरातली दुसरी चादर निळसर होती आणि निळा हा बादली पक्षाचा रंग होता. असल्या बाबतीत सर फार सावध असत.

सर पस्तीस वर्षं गणित शिकवून आणि बोर्डाचे पेपर तपासून निवृत्त झाले होते. आता त्यांना एकच व्यवसाय उरला होता, तो म्हणजे कोणत्याही पक्षाचं नसणं. पुष्कळ माणसं कोणत्याच पक्षाची नसतात, पण ती गप्प असतात. सर गप्प नसत. केस कापताना, बँकेच्या रांगेत, लिफ्टमध्ये चौथा मजला येईपर्यंत ते समोरच्याला सांगत, "आपण कोणाचेच नाही. आपण फक्त गुणवत्ता बघतो." शिडी आणि बादली या दोन्ही पक्षांनी वाटलेली कॅलेंडरं त्यांनी घरात शेजारी शेजारी लावली होती, पण दोन्ही पक्षांना समान न्याय म्हणून भिंतीकडे तोंड करून. त्यामुळे वर्षभर त्या घरात तारीख कोणालाच कळली नव्हती.

प्रत्येक निवडणुकीला सर जाहीरनामे तपासत. अगदी बोर्डाचा पेपर तपासावा तसे. काकूंनी प्रत्येक जाहीरनाम्यावरचं पक्षाचं नाव आणि चिन्ह कागदाच्या पट्टीनं झाकायचं, वर अ, ब, क असे क्रमांक टाकायचे, सरांनी लाल पेनानं शंभरपैकी मार्क द्यायचे आणि मतदानाच्या चार दिवस आधी इमारतीच्या तळमजल्यावर सगळ्यांसमोर पट्ट्या फाडून निकाल सांगायचा. चाळीस बिऱ्हाडांपैकी निम्मी तरी या निकालाप्रमाणे मत देत. उरलेली निम्मी त्याच्या विरुद्ध देत, पण निकाल ऐकायला येत सगळी.

आतापर्यंत पाच निवडणुका झाल्या होत्या आणि पाचही वेळा शिडी पक्ष पहिला आला होता.

"योगायोग," सर म्हणत. "नंबर झाकलेले असतात. मी काय करणार? पोरगं हुशार असेल तर मार्क पडणारच."

आता खरं सांगायचं तर शिडीवाल्यांचा जाहीरनामा दर वेळी जाड, गुळगुळीत कागदावर छापलेला असे आणि बादलीवाल्यांचा रद्दीच्या कागदावर. शिवाय तपासायच्या आधी सर प्रत्येक जाहीरनामा खिडकीच्या उजेडासमोर धरत. "कागदाचा दर्जा बघतोय," असं ते सांगत. उजेडात पट्टीखालच्या शिडीच्या पायऱ्या एकूण एक मोजता येत.

हे तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. डॉक्टर सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि बादली पक्षाचे वॉर्डातले उपाध्यक्षही होते. ते राजकारणावर नेहमी पेशंटच्या तोंडात आरसा असताना बोलत, त्यामुळे त्यांच्याशी कोणाचे मतभेद झाल्याचं ऐकिवात नव्हतं. या खेपेला त्यांनी सरांना जिन्यात गाठलं.

"सर, तुमच्या निःपक्षपणाबद्दल वादच नाही. पण कागद ओळखू येतो असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत, लोक म्हणतात. काकू एवढ्या टायपिंग करतात. तिन्ही जाहीरनामे साध्या कागदावर टाइप करून घेतले तर?"

नाही म्हणायला सरांना कारणच सुचेना. नाही म्हटलं असतं तर आपण कोणाचे तरी आहोत असं झालं असतं. "माझ्या मनात तेच होतं," ते म्हणाले आणि जिना चढताना दोनदा अडखळले.

अडखळायला कारण होतं. शिडी पक्षाचा वॉर्डातला चिटणीस म्हणजे काकूंचा सख्खा धाकटा भाऊ. तो गेल्याच आठवड्यात चहाला येऊन कानात सांगून गेला होता, "भावोजी, आपण निवडून आलो की निःपक्ष नागरिक सल्लागार समिती काढतोय. नगरपालिकेत खोली, टेबल, दारावर पाटी. अध्यक्ष म्हणून अगदी निःपक्ष माणूस पाहिजे. आपल्या विश्वासातला."

सरांना त्या वाक्यात काही खटकलं नव्हतं. पाटीवर 'सर' लिहावं की पूर्ण नाव, एवढाच विचार ते आठवडाभर करत होते.

तर अशा रीतीनं चादर टांगली गेली. काकूंनी एकेक कागद टाइप करून चादरीखालून सरकवायला सुरुवात केली. टाइपरायटर जुना होता. काकूंनी तीस वर्षं कोर्टाच्या कचेरीत निकालपत्रं टाइप केली होती आणि निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना हार-तुरे न देता त्यांचं मशीनच देऊन टाकलं होतं. "या बाईंच्या हातून एक अक्षर चुकलं असतं तर नको तो माणूस आत गेला असता," साहेब भाषणात म्हणाले होते. "तीस वर्षांत कोणी गेला नाही." काकूंनी आयुष्यात जपून ठेवलेली ही एकच शाबासकी होती. घरात शाबासकी देण्याचं खातं सरांकडे होतं आणि ते फारसं उघडं नसे.

पेपर अ एकाच पानाचा होता. तो अर्थातच कुलूप पक्षाचा. त्यांचा उमेदवार दर वेळी उभा राहत असे आणि दर वेळी त्याला स्वतःच्या घरातली मतंही पूर्ण पडत नसत. सरांनी सवयीनं पस्तीस देऊन पास केलं. पेपर ब मध्ये पहिला मुद्दा पाण्याचा होता, दुसरा रस्त्यांचा आणि पाचव्या मुद्द्यात म्हटलं होतं, 'पूर्व भागात बारा आणि पश्चिम भागात नऊ अशी एकूण बावीस सार्वजनिक स्वच्छतागृहे बांधू.'

मग पेपर क आला. त्यात पहिला मुद्दा रस्त्यांचा होता, दुसरा पाण्याचा आणि पुढे तेच सगळं, शब्दाला शब्द. पाचव्या मुद्द्यात पूर्वेला बारा, पश्चिमेला नऊ आणि एकूण बावीस.

सर ताठ बसले. पस्तीस वर्षांत असले पेपर त्यांनी शेकड्यांनी पकडले होते. दोन मुलांचं उत्तर बरोबर आलं तर ती हुशार असतात, पण दोघांचं एकच चूक आलं तर ती शेजारी बसलेली असतात.

"कॉपी!" ते चादरीकडे बघून गरजले.

"तेच मी मघाशी सांगत होते, की यातल्या दोन…"

"शू! संबंध नाही आपला!"

वास्तविक दोन्ही पक्षांनी पाच वर्षांपूर्वीचाच एक जाहीरनामा समोर ठेवून उतरवून काढला होता. त्यातलं काहीच झालेलं नसल्यामुळे मजकूर ताजा राहिला होता. पण परीक्षकाला दोन सारखे पेपर दिसले की त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो, कोणी कोणाचं बघितलं? सरांनी डोळे मिटून विचार केला. शिडीवाली माणसं पद्धतशीर, पायापासून सुरुवात करणारी. ती आधी पाणी घेणार. मागाहून घाईघाईनं क्रम उलटासुलटा करणारा तो बादलीवाला. ब कोणाचा आणि क कोणाचा हे सरांना अर्थातच ठाऊक नव्हतं. फक्त खात्री होती.

त्यांनी ब च्या बेरजेखाली बारीकशी रेघ मारली आणि अर्धा मार्क कापला. क च्या बेरजेभोवती मोठं वर्तुळ काढून दहा कापले. कॉपीबद्दल आणखी तीस कापले. शेवटी ब ला एकाहत्तर झाले आणि क ला अठ्ठावीस. ब वर शेरा लिहिला, 'विचार स्वतंत्र. आकडेमोडीकडे लक्ष द्यावे.' क वर लिहिलं, 'शेजाऱ्याचे पाहून लिहिले आहे. लाज वाटली पाहिजे.' मग सरांना फार दिवसांनी शांत झोप लागली.

बुधवारी संध्याकाळी सहाला तळमजल्यावर खुर्च्या मांडल्या. मेहुणा पहिल्या रांगेत, अध्यक्षाला भेटायला आल्यासारखा हसत बसला होता. कोणता पेपर कोणाचा हे काकूंनी लिहून दिलेलं सीलबंद पाकीट घेऊन डॉक्टर उभे होते. सरांनी घसा साफ केला.

"मी कोणाचाच नाही, हे आपण जाणता," त्यांनी सुरुवात केली आणि वीस मिनिटं ते जाणवून दिलं. मग मार्क आणि शेरे वाचून दाखवले. 'लाज वाटली पाहिजे' हे दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे बघून. "आता पाकीट फोडा."

डॉक्टरांनी पाकीट फोडलं. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग त्यांचे सगळेच्या सगळे दात दिसले.

"पेपर ब, बादली. एकाहत्तर. पेपर क, शिडी. अठ्ठावीस."

तळमजल्यावर वरच्या मजल्यावरचा मिक्सर स्पष्ट ऐकू आला. मग टाळ्या सुरू झाल्या. मेहुण्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, फक्त त्यातून मेहुणा निघून गेला होता.

"थांबा," सर म्हणाले. "हा… हा निकाल तात्पुरता आहे. फेरतपासणी करावी लागेल."

मागच्या रांगेतून कोणीतरी उठलं. तो चौकातला इलेक्ट्रिशियन होता. इमारतीतल्या पंख्यांचं, दिव्यांचं काम त्याच्याकडे असे आणि पंचवीस वर्षांपूर्वी तो सरांच्या हातून दहावीला दोन मार्कांनी गेला होता.

"सर, मी तेव्हा आईला घेऊन आलो होतो तुमच्याकडे. फेरतपासणी करा म्हणून. आठवतं?"

"नाही."

"तुम्ही म्हणालात, लाल शाई पुसत नाही."

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. इलेक्ट्रिशियननं पुढे येऊन दोन्ही पेपर हातात घेतले आणि दिव्याखाली धरले. "आणि सर, बारा नि नऊ बावीस हे दोघांनी पण लिहिलंय. इथं अर्धा मार्क कापला आणि इथं दहा. असं का?"

"ते संदर्भावर अवलंबून असतं," सर म्हणाले.

"माझी पण बेरीजच चुकली होती," तो म्हणाला आणि पेपर नीट घडी करून परत ठेवले.

गुरुवारी सकाळी वॉर्डात निळी पत्रकं निघाली. 'निःपक्ष परीक्षकांचा निर्वाळा! शिडीवाल्यांना लाज वाटली पाहिजे!' खाली सरांचा फोटो होता, तोही शाळेच्या निरोप समारंभातला. गेल्या खेपेला हा वॉर्ड एकोणीस मतांनी फिरला होता, त्यामुळे सरांच्या शेऱ्याची किंमत दोन्ही पक्षांना कळत होती. दारावर कोणीतरी पुठ्ठ्याची बादली लटकवून गेलं. ती काढायला सर बाहेर आले तर समोरच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांनी त्यांना बादली हातात घेताना बघितलं आणि झालं. दुपारपर्यंत सर 'बादलीवाले सर' झाले.

"मी बादलीचा नाही हो," ते लिफ्टमध्ये म्हणाले.

"मग शिडीचे का?"

"छे! मी कोणाचाच नाही!"

"मग बादलीला एकाहत्तर का दिले?"

याला उत्तर होतं, पण ते देता येत नव्हतं. मी तो शिडीचा समजून दिले, असं म्हणायचं तरी कसं? सर चौथ्या मजल्याऐवजी दुसऱ्यावरच उतरले आणि उरलेले जिने चढून गेले. घरी आल्यावर त्यांनी काकूंना बाल्कनीत वाळत ठेवलेली धुण्याची बादली आत घ्यायला लावली, स्नानगृहातलीही पलंगाखाली सारली आणि शुक्रवारी सकाळी पातेल्यानं आंघोळ केली.

त्याच दिवशी दुपारी मेहुणा आला. चपला काढतानाच त्यानं काम सांगितलं.

"भावोजी, वरची मंडळी भडकलीत. पण मी मार्ग काढलाय. तुम्ही फक्त एक खुलासा द्यायचा. टायपिंगमध्ये चुकून ब आणि क ची अदलाबदल झाली. बस्स! एकाहत्तर आपले, अठ्ठावीस त्यांचे. तुमचा निःपक्षपणा पण शाबूत आणि समिती पण."

"पण अदलाबदल झालेली नाही."

"ते कोणाला ठाऊक? मूळ कागद ताईच्याच कपाटात आहेत. घरातली गोष्ट."

सरांना वाईट वाटलं, हे मान्य केलं पाहिजे. चांगली दोन-तीन मिनिटं वाटलं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे पाटी आली. तिच्यावर पितळी अक्षरं होती. ते उठून स्वयंपाकघरात गेले.

"अगं, एक चार ओळींचा खुलासा टाइप करून हवा होता."

"कसला?"

"किरकोळ आहे. टंकलेखनातल्या नजरचुकीनं दोन पेपरांचे क्रमांक बदलले गेले, एवढंच."

काकूंनी गॅस बंद केला. "कोणाच्या नजरचुकीनं?"

"नाव नाही घालायचं काही. नुसतं 'टंकलेखनातल्या'."

"या घरात टंकलेखन आणखी कोण करतं?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर काही नव्हतं.

"चूक झाली होती का माझी?" काकूंनी विचारलं. आवाज अगदी हळू होता. "खरं सांगा. तुम्हाला वाटतं, मी चुकले?"

"प्रश्न मला काय वाटतं याचा नाही. व्यापक हिताचा आहे. आणि टायपिंगची चूक ही काय मोठी गोष्ट आहे? कोणाच्याही हातून होते."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं त्या सगळ्यांच्या आधी कचेरीत जात होत्या. एकेका खुनाच्या निकालपत्राची शंभर पानं त्यांनी तीन-तीनदा वाचून पुढे पाठवली होती. बोटं सुजली तरी एक वेलांटी इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. आणि त्या सगळ्याचा हिशोब नवऱ्यानं 'कोणाच्याही हातून होते' या वाक्यात मिटवला होता. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मशीनवरचं कव्हर काढलं.

"किती प्रती?"

"तीन. एक शिडीच्या ऑफिसला, एक बादलीच्या आणि एक खालच्या फलकावर." सरांचा जीव भांड्यात पडला. "तुझ्याइतकं समजूतदार कोणी नाही बघ."

काकूंनी दोन कार्बन घातले आणि दहा मिनिटांत कागद बाहेर काढला. सरांनी तिन्ही प्रतींवर झोकदार सही केली. वाचायचा प्रश्नच नव्हता. सर विजेचं बिलही दोनदा तपासून बघत, पण काकूंनी टाइप केलेला कागद त्यांनी जन्मात कधी वाचून सही केलेला नव्हता. तशी गरजच पडत नसे.

मेहुण्यानंही वाचला नाही. सही बघितली, घडी घातली आणि वाटेत दोन प्रती दोन ऑफिसांत देऊन तिसरी घेऊन डॉक्टरांकडे गेला. फलकाच्या काचेच्या दाराची किल्ली डॉक्टरांकडे असे. डॉक्टरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग पेशंटला तसाच आ वासलेला ठेवून ते स्वतः फलकापर्यंत गेले, कागद चार कोपऱ्यांत चार टाचण्यांनी लावला, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून परत गेले.

संध्याकाळी सर फिरायला खाली उतरले तेव्हा फलकापुढे गर्दी होती. आपला निःपक्षपणा परत आलेला बघायला लोक जमलेत, असं समजून ते हसत पुढे झाले. लोकांनी अदबीनं वाट करून दिली. सरांनी वाचलं:

'खुलासा. मी खाली सही करणारा जाहीर करतो की, पेपर ब आणि पेपर क यांच्या टंकलेखनात अथवा क्रमांकांत एकही चूक झालेली नाही. दोन्ही पेपरांचा मजकूर सारखाच होता. ब हा शिडीचा असावा या समजुतीने मी त्यास एकाहत्तर गुण दिले व क हा बादलीचा असावा या समजुतीने अठ्ठावीस. पेपर कोणाचा आहे हे ठरवून मगच तो तपासण्याची माझी पद्धत जुनी आहे. तपासनीस न वाचता काम करतात याचा आणखी पुरावा हवा असल्यास, हा कागदही मी न वाचताच सही केला आहे.'

खाली झोकदार सही होती.

सरांचा हात आपोआप खिशात गेला आणि लाल पेन घेऊन बाहेर आला. त्यांनी काचेला नाक लावून पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. कुठे तरी ऱ्हस्व-दीर्घ, कुठे तरी अनुस्वार, एखादा पूर्णविराम सुटलेला, काही तरी सापडेलच. ते तीनदा वाचून गेले. मग पेन तसंच टोपण न लावता खिशात ठेवलं आणि सदऱ्यावर लाल डाग पसरत गेला तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"सर, किती मार्क?" मागून इलेक्ट्रिशियननं विचारलं. त्याच्या आवाजात टिंगल नव्हती, त्यामुळे ते जास्तच लागलं.

सर वर आले. काकू भाजी निवडत होत्या. सर दारातच उभे राहिले.

"चूक नाही," ते म्हणाले.

"काय?"

"टायपिंगमध्ये. एकही चूक नाही."

"ते लिहिलंय मी त्यात," काकू म्हणाल्या. "सदरा काढा. डाग जायचा नाही तो."

शनिवारी मेहुण्याचा फोन आला. बहिणीबद्दल तो काही बोलला नाही, लहानपणापासून तिला घाबरत असे. "भावोजी, समितीसाठी वरच्यांनी दुसरा निःपक्ष माणूस शोधलाय," एवढंच सांगून त्यानं फोन ठेवला. तासाभरानं डॉक्टर वर आले. बादलीवालेही निवडून आले तर निःपक्ष नागरिक समिती काढणार होते, कारण तो दोन्ही जाहीरनाम्यांतला नववा मुद्दा होता. पण त्यांचाही निःपक्ष माणूस ठरलेला होता. "मीच," डॉक्टर लाजून म्हणाले. पलंगाखालच्या बादल्या सरांनी मुकाट्यानं बाहेर काढल्या.

रविवारी मतदान होतं. कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत दोघं चालत गेली. या खेपेला सरांच्या मागं कोणी नव्हतं, कोणी थांबवून "मग सर, यंदा कोण?" असं विचारलं नाही. ओळखीच्या एकदोघांनी नुसते हात जोडले. सरांच्या मनात आलं, आज खरोखरच आपण कोणाचेच नाही. हे इतकं सुनंसुनं असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

आत यंत्रावर तिन्ही नावं आणि तिन्ही चिन्हं उघडी, कोणतीही पट्टी न लावता ठेवलेली होती. सर जाऊन सात सेकंदांत बाहेर आले. मतदान गुप्त असतं, त्यामुळे त्यांनी कोणाला मत दिलं हे आपण सांगणं बरं नाही. फक्त एवढंच, की बाहेर दोन्ही पक्षांच्या टेबलांवर बसलेल्या माणसांनी त्यांच्याकडे न बघता आपापल्या यादीत त्यांच्या नावापुढे एकाच रकान्यात खूण केली.

मग काकू गेल्या. एक मिनिट झालं, दोन झाली. रांगेतली माणसं माना वर करून बघू लागली. तिसऱ्या मिनिटाला सर अस्वस्थ झाले. एवढा विचार कशाचा करते ही? चार मिनिटांनी काकू बोटावरची शाई वाळवत शांतपणे बाहेर आल्या. दोन्ही टेबलांवरच्या पेन्सिली त्यांच्या नावापाशी येऊन थबकल्या आणि तशाच राहिल्या.

अर्धा रस्ता सर काकूंच्या बोटावरच्या शाईकडे बघत चालले. मग राहवेना.

"कोणाला दिलंस गं?"

काकू चालत राहिल्या.

"नाही, आपलं सहज. म्हणजे, आत्तापर्यंत दर वेळी मी निकाल सांगायचो त्यालाच देत होतीस ना?"

"निकाल तुम्ही वाचून दाखवायचात," काकू म्हणाल्या. "मी ऐकायचे."

"आणि मत?"

"ते तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

सर रस्त्यात उभेच राहिले. पाच निवडणुका त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या आणि एकीतही बायकोच्या मताचा पत्ता लागेना. ज्या घरात पंचवीस वर्षं निःपक्षपणाचा डांगोरा पिटला गेला त्या घरात खराखुरा निःपक्ष मतदार चादरीच्या पलीकडे बसून टायपिंग करत होता की काय, अशी शंका त्यांना प्रथमच आली. ते लगबगीनं पुढे गेले.

"निदान या वेळचं तरी सांग. मी कोणाला सांगणार नाही. शिडी? बादली? कुलपाला तर नाही ना दिलंस?"

काकू थांबल्या. त्यांनी सरांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. शुक्रवारनंतर पहिल्यांदाच त्या हसल्या.

"एक शब्द बोलू नका," त्या म्हणाल्या. "नंबर झाकलेले असतात."